मॅक्स आउट झालंय, पण अजून चौघं बसतील

माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत नोकरीला आहे. शनिवारी सकाळी जुन्नरला घरी आली की ती आधी चपला काढते, मग पाठीवरची बॅग आणि मग चेहऱ्यावरचं पुणं. त्या शनिवारी ही तिसरी वस्तू काही निघेना. ओट्यावर भिंतीला टेकून ती समोरच्या तारेवर वाळत घातलेल्या टॉवेलकडे बघत बसली. टॉवेलात बघण्यासारखं काही नव्हतं, मी खात्री करून घेतली.

माझी बहीण, म्हणजे तिची आत्या, डिंभ्याला दिलेली. भाचीसाठी मासवड्या करायच्या म्हणून ती मुद्दाम आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. मासवडीचं काम म्हणजे दोन तासांची तपश्चर्या. बेसन घाटायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायचं, वड्या कापायच्या आणि वर असा रस्सा ओतायचा की खाणाऱ्याला आपल्या नाकाची नव्यानं ओळख व्हावी. एवढी तपश्चर्या केलेल्या बाईच्या हातात पळी असताना तिच्यापुढे बसणं हे मुळातच धोक्याचं.

चार वड्या झाल्यावर मुलीनं ताटावर आडवा हात धरला. "आत्या, नको. खरंच नको. मी मॅक्स आउट झालेय गं."

"व्हय का?" आत्या म्हणाली. "मग खाऊन झाल्यावर हो." आणि तिनं रस्सा वाढला. बोटांवर.

इथे बाहेरगावच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्या भागात ताटावर आडवा हात धरणं म्हणजे नकार नव्हे. तो वाढणाऱ्याला दिलेला इशारा असतो की आता खरा सामना सुरू झाला. पाहुणा पहिल्या 'पुरे'ला थांबला तर यजमानाचा अपमान, आणि यजमान थांबला तर पाहुण्याचा. त्यामुळे दोघंही थांबत नाहीत आणि मधल्या मधे ताट ओसंडतं.

हात धुऊन मुलगी परत टॉवेलासमोर बसली. मी शेजारी सरकलो. मला एखादा नवा शब्द कानावर पडला की नवा फेटा मिळाल्यासारखं होतं, मिरवल्याशिवाय चैन पडत नाही. "काय म्हणालीस मघाशी? मॅक्स आउट? म्हणजे काय नक्की?"

"पप्पा, तुमच्या भाषेत सांगू? तुमच्या अँप्लिफायरचं बटण फिरवत नेलंत. आवाज वाढत गेला. मग बटण टोकाला गेलं. आता कितीही जोर लावा, आवाज तेवढाच. झाला मॅक्स आउट."

"आमचा अँप्लिफायर त्याच्या पुढे शिट्टी मारतो."

"मी पण शिट्टीपर्यंत आलेय."

"म्हणजे थकलीस."

"नाही ना! थकलेला माणूस झोपून उठला की परत चालू होतो. मी झोपून उठते तेव्हा पण टोकालाच असते. आत आणखी काही मावतच नाही."

मी मनातल्या मनात आपले शब्द लावून पाहिले. 'हद्द झाली' म्हणावं तर त्यात दुसऱ्याची चूक येते. 'कंटाळा आला' फार हलका. 'भरून आलं' म्हणजे रडूच. 'पुरे' सगळ्यात जवळचा, पण त्याची आमच्याकडे काय किंमत आहे ते तिच्या बोटांवरच्या रश्श्यानं नुकतंच सांगितलं होतं. "ऑफिसात सांग की मग, साहेबाला मेल कर, मी मॅक्स आउट झाले म्हणून," मी म्हणालो.

ती हसली. त्या दिवशीचं पहिलं हसू. "असं मेलमध्ये लिहीत नाहीत, पप्पा. हा आपल्या माणसांत बोलायचा शब्द आहे."

मी खूश झालो. आपल्या माणसांत बोलायचा शब्द तिनं आपल्या माणसांत आणून बोलून दाखवला होता. आपल्या माणसांनी त्याचं पुढे काय केलं, ते आता ऐका.

जुन्नरात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, पण मला ओळखतात ते माइकमुळे. लग्नसराईत मी निवेदन करतो. आमच्याकडच्या लग्नात भटजी नुसतं लग्न लावतो, लग्न चालवतो तो निवेदक. मांडवात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, हुद्दा आणि गाव माइकवरून पुकारायचं, आजी-माजी मंडळींना स्टेजवर बोलावून आशीर्वादपर दोन शब्द बोलायला लावायचे, आणि तोवर नवरा-नवरीला थांबवून ठेवायचं. हे काम मी इतक्या प्रेमानं करतो की दोन तालुक्यांत माझ्या मुहूर्ताला कुणी घड्याळ लावत नाही.

तर पुढच्याच लग्नात मी तो शब्द सोडला. "मंडळी, मांडव मॅक्स आउट झालेला आहे!" काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! आठवडाभरात शब्द माझ्या हातून निसटला. महिन्याभरानं मी बहिणीकडे जायला घोडेगावात डिंभ्याच्या एसटीची वाट बघत होतो. एसटी तिच्या मर्जीची मालकीण, आली नाही. जीप आली. तिच्या मागच्या पायरीवरसुद्धा दोघं लोंबकळत होते.

"या पावणं," ड्रायव्हर म्हणाला.

"अरे, कुठं बसू?"

"गाडी मॅक्स आउट झालीय, राव," तो अभिमानानं म्हणाला, "पर आजून चौघं बसतील. ए आजी, जरा पोटात घे."

आजीनं पोटात घेतलं. मी बसलो. बसलो म्हणजे काय, माझं एक अंग बसलं, बाकीचं पाहुणं म्हणून आलं. माझ्यानंतर खरोखरच आणखी तिघं चढले. चौथ्याची जागा ड्रायव्हर सबंध रस्ताभर शोधत होता.

मी मुलीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही लोकांनी त्या शब्दाचं 'पुरे' करून टाकलंत."

मी विषय बदलून जेवलीस का ते विचारलं.

तिच्यासाठी आम्ही काही केलं नाही असं नाही. उलट जे सुचेल ते सगळं केलं. तिच्या आईनं डोक्याला तेल थापलं. आत्यानं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. मी तिला ओझरच्या विघ्नहराला घेऊन गेलो. दर्शनाच्या रांगेत तिच्या साहेबाचा फोन आला आणि ती गाभाऱ्यापर्यंत इंग्रजीत माफी मागत गेली. मागची बाई म्हणाली, "पोरी, लवकर उरक, देव बी लायनीतच हाय." म्हणजे जिच्या आत आणखी काही मावत नव्हतं तिच्यात आम्ही तेल, मोहरी आणि देव भरत होतो. मला हे दिसत होतं. पण हातातली पळी खाली ठेवायची कशी, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा मंचरचा, तिच्याच कंपनीतला, कमी बोलणारा. मला सुरुवातीला त्याची काळजीच वाटली होती. लग्नाच्या आधी एका रविवारी मुलगी दुकानात आली आणि गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसली.

"पप्पा, मला एकच पाहिजे. लग्न मुहूर्तावर लावा. भाषणं नकोत, पुकारा नको."

"अगदीच नको म्हणजे..."

"दोन माणसं बोलू देत. बस. तुम्हाला माहितेय तिथं काय होतं. प्रत्येकासाठी खुर्चीतून उठा, वाका, फोटो, बसा. मी नोकरीत टोकाला आलेय, सुट्टी मारामारीनं मिळालीय. माझ्या लग्नात मला माणसासारखं उभं राहायचंय. आत्ताच सांगून ठेवते, मी तिथं मॅक्स आउट झाले तर स्टेजवरून उतरणार."

"उतरून कुठं जाशील?"

"ते तेव्हा बघीन. पण लग्न लागायच्या आधी उतरले तर सगळ्यांना उत्तर तुम्हाला द्यायला लागेल."

ही धमकी नव्हती. शाळेत असताना स्नेहसंमेलनात तिला झाडाचं काम दिलं होतं. हात वर करून उभं राहायचं. दुष्काळावरचं नाटक होतं आणि दुष्काळ काही संपेना. हात भरून आले तेव्हा झाड शांतपणे पायऱ्या उतरलं, प्रेक्षकांतून चालत आलं आणि माझ्या मांडीवर बसलं. निवेदन माझंच होतं. माइक हातात धरून मला सांगावं लागलं की दुष्काळामुळे झाडानंही स्थलांतर केलं आहे.

म्हणून मी तिचा हात हातात घेतला आणि शब्द दिला. "दोन माणसं. मुहूर्तावर अक्षता. माझ्यावर सोड."

आता अडचण अशी की नवरीच्या बापानं माइक धरायचा नसतो. त्यानं फेटा बांधून मांडवाच्या दारात हात जोडून उभं राहायचं असतं. त्यामुळे माइक मी डिंगोरे गावच्या माझ्या चेल्याकडे दिला. पस्तिशीचा गडी, आवाज असा की मिरवणुकीचा बैल मान वर करून बघतो. माझ्याच तालमीत तयार झालेला. त्याला सगळं समजावून सांगितलं.

"भाऊ, चिंता सोडा," तो म्हणाला. "दोन म्हंजी दोन. तिसरा आला तर माइक बंद."

लग्नाच्या दिवशी मुहूर्त संध्याकाळचा होता. नवरा-नवरी वेळेवर स्टेजवर आले. मी दारात उभा. पहिल्या माणसाचं भाषण झालं, दुसऱ्याचं झालं, आणि भटजींनी आंतरपाट झटकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमकं त्याच वेळी आमच्या सोसायटीचे माजी चेअरमन दारातून आत शिरले.

"काय पावणं," माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आमचं नाव काय माइकवर आलं न्हाई. इसरलात काय गरिबाला?"

हा गरीब माणूस नाव न पुकारल्यामुळे एका लग्नातून न जेवता उठून गेलेला होता, आणि ती दोन घरं अजून एकमेकांकडे जात नाहीत. मी हात जोडले. "येतंय की, येतंय!" म्हणालो आणि मागे वळून चेल्याला खूण केली. फक्त नाव घे, अशी खूण होती. चेल्यानं नाव घेतलं आणि माझ्याकडूनच शिकलेलं वाक्य लावलं, "अशा मोठ्या मनाच्या माणसाला दोन शब्दांशिवाय आपण कसं सोडणार?"

झालं. धरणाचा एक दरवाजा उघडला. चेअरमन चढलेले बघून माजी सरपंच चढले, माजी सरपंचांना बघून आजी सरपंच. प्रत्येक जण माइक हातात घेऊन पहिलं वाक्य तेच म्हणायचा, "मुहूर्त टळतोय, मी जास्त वेळ घेणार नाही." त्या वाक्यानंतर आमच्याकडे माणूस खरा सुरू होतो. माझी मुलगी उठत होती, वाकत होती, फोटोला हसत होती, बसत होती, परत उठत होती. जावई तिच्या जोडीनं उठत-बसत होता, दमलेल्या माणसानं व्यायाम करावा तसा. इकडे दारात माझ्याभोवती जथा वाढत चाललेला. "आमचं नाव?" "घेतो." "आमच्या मेव्हण्याचं?" "घेतो." आणि कबूल करायला हवं, चेला असा काही रंगात आला होता की त्या अवस्थेतही माझ्या तोंडून 'वा!' गेलं. काय फेक! काय ठेहराव! एका नावाचा श्वास दुसऱ्या नावात कसा सोडायचा, हे माझंच गुपित माझ्यावरच चालवलं जात होतं आणि मी हात जोडून दाद देत होतो.

मुलीनं स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं होतं. तिनं टॉवेलाकडे पाहिलं होतं तसं पाहिलं.

मी निघालो. माइक हातात घ्यायचा, 'भटजी, सुरू करा' म्हणायचं आणि संपवायचं, एवढंच डोक्यात. दारापासून स्टेजपर्यंत मला किती जणांनी मिठ्या मारल्या त्याचा हिशेब नाही. कसाबसा वर चढलो. चेल्यानं मला पाहिलं आणि आवाज एक पट्टी वर नेला. "मंडळी, ज्यांच्या आवाजानं आपल्या तालुक्यातली हजारो मंगल कार्यं उजळली, ते स्वतः वधूपिता आज बापाच्या काळजानं आपल्याशी..."

टाळ्या. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. त्यानं माइक माझ्या हातात दिला. तो थोडा कोमट होता. मी तोंड उघडलं, आणि देवाशपथ सांगतो, माझ्या तोंडून शब्द आले ते हे:

"मी जास्त वेळ घेणार नाही."

मागे कापडाची सळसळ झाली. मला वळून बघायची गरज नव्हती. मुलगी उठली होती. तिनं शालू दोन्ही हातांनी उचलला, पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेनं निघाली. मांडव असा गप्प झाला की मागे भटारखान्यात कढईत पडणारी जिलेबी ऐकू आली. ती माझ्या मांडीवर बसायला आली नाही. माझी मांडी स्टेजवर भाषण करत होती. ती सरळ शेजारच्या जेवणाच्या मांडवात गेली आणि मोकळ्या पंगतीत पहिल्या पत्रावळीसमोर मांडी घालून बसली.

"अगं बया!" आत्या ओरडली. "आजून आक्षता न्हाई पडल्या! नवरी जेवाया बसली व्हय!"

आमच्याकडे अक्षतांआधी पंगत बसत नाही. नवरीनं बसणं तर कुणी ऐकलेलंही नाही. मी माइक धरून उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे एकही वाक्य नव्हतं. मांडवातली सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली, उत्तर मलाच द्यायचं होतं. व्याह्यांच्या चेहऱ्याकडे बघायची तर माझी हिंमत नव्हती.

तेवढ्यात जावई उठला. मुंडावळ्या सावरत तो पायऱ्या उतरला आणि जाऊन तिच्या शेजारच्या पत्रावळीसमोर बसला. मग व्याही म्हणाले, "पोरगं बसलं म्हणजे आपण बी बसायचं का काय?" आणि कुणीतरी फसकन हसलं. दुपारपासून ताटकळलेले सहाशे भुकेले लोक एकदम उठले. पुढाऱ्यांच्या समोरच्या खुर्च्या अशा रिकाम्या झाल्या की त्यांनाही उठावं लागलं.

भटजींनी आंतरपाट खांद्यावर टाकला. त्यांना पुढे ओझरला दुसरं लग्न होतं. "चला," ते म्हणाले, "जिथं नवरा-नवरी, तिथं लग्न. उभे राहा दोघं. पत्रावळी तुडवू नका."

मीही तिकडे निघालो, तसा चेला माझ्या हातातला माइक घेऊन माझ्या मागून धावला. अशा क्षणाला निवेदन नाही म्हणजे काय! जेवणाच्या मांडवाच्या तोंडाशी त्याची वायर ताणली गेली आणि तो झटका बसून जागच्या जागी थांबला. "भाऊ!" त्यानं तिथूनच हाक मारली. "वायर पुरत न्हाई!"

आंतरपाटाच्या अलीकडून मुलीनं मान वळवून पाहिलं. "पप्पा," ती म्हणाली, "याला म्हणतात मॅक्स आउट."

मंगलाष्टकं विनामाइकची झाली. भटजींचा आवाज जेमतेम तिसऱ्या रांगेपर्यंत जात होता, त्यामुळे मागच्यांनी अंदाजानं अक्षता टाकल्या. त्या मठ्ठ्यात पडल्या, मसालेभातात पडल्या, माझ्या फेट्यात पडल्या. मुहूर्त केव्हाच होऊन गेला होता. कुणी त्याचं नाव काढलं नाही.

मग पंगत बसली आणि रिवाजाप्रमाणे नवरीचा बाप जिलेबीचं ताट घेऊन आग्रहाला निघाला. व्याह्यांना वाढली, त्यांनी हात आडवा धरला, मी हाताशेजारून वाढली. चेअरमनांना वाढली. असं करत करत मी मुलीसमोर आलो. तिच्या पानात एक जिलेबी होती, ती तिनं संपवली होती.

तिनं पानावर आडवा हात धरला. हातावर मेंदी होती आणि मेंदीत एक अक्षत चिकटलेली.

जिलेबी माझ्या बोटांत होती. पाक टपकत होता. "वाढ की रं!" आत्या मागून म्हणाली. "पोरीच्या लग्नात हात आखडतोस?" आजूबाजूचे सगळे ओरडायला लागले, "वाढा, वाढा भाऊ!" माझा हात पुढे गेलेला होता. तो मागे कसा घ्यायचा ते मला खरंच माहीत नव्हतं. मी तो तसाच हवेत धरून ठेवला. पाक मनगटावरून कोपराकडे निघाला. मी हललो नाही.

मुलीनं वर पाहिलं.

"थांबलात?" तिनं विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

तिनं हात बाजूला घेतला. "मग अर्धी वाढा."

मी जिलेबी मोडली. अर्धी तिच्या पानात ठेवली आणि उरलेल्या अर्ध्या जिलेबीचं काय करायचं ते न सुचून तिथंच उभ्या उभ्या खाल्ली. शेजारच्या रिकाम्या मांडवात, वायरीच्या टोकाला उभा राहून चेला उशिरा आलेल्या कुण्या पाहुण्याचं सहर्ष स्वागत करत होता.